निदानाआधीची गाळणी



सोलकढी कशी करतात ते तुम्ही घरी पाहिले असेलच. मालवणकडच्या घरांतून तर ती रोजचीच. खवलेले खोबरे कोमट पाण्यात वाटायचे, मलमलच्या फडक्यात घालायचे आणि पिळायचे. पांढराशुभ्र रस पातेल्यात उतरतो, चोथा फडक्यात राहतो. घाई करून फार जोरात पिळले, तर चोथ्याचा बारीक भुगाही रसात उतरतो आणि कढी घशाला खरखरीत लागते. फडके फार जाड असले, तर बराचसा रस फडकेच पिऊन टाकते. खोबरे थोडे आणि फडके मोठे असले, तर हाती काहीच येत नाही. फडके, पिळण्याचा जोर आणि खोबऱ्याचे प्रमाण या तीन गोष्टी जमल्या, की कढी जमली.

तुम्हांला वाटेल, विज्ञानाच्या मासिकात ही पाककृती कशाला? सांगतो. हल्ली ताप आलेल्या माणसाच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घेतात, तो एका प्लॅस्टिकच्या डबीतील पट्टीवर टाकतात आणि पंधरा-वीस मिनिटांत रेषा उमटते की नाही ते पाहून रोगाचा अंदाज करतात. कोविडच्या साथीत अशा पट्ट्या घरोघरी पोहोचल्या. नाकातील स्राव तपासणारी ती पट्टी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. त्या रेषेचे कौतुक सर्वांनी केले. परंतु रक्त तपासणाऱ्या पट्टीच्या तोंडाशी नखाएवढा एक तुकडा असतो. तो अगदी सोलकढीच्या फडक्याचे काम करतो. त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. माझे म्हणणे असे आहे, की चाचणी गावात उपयोगी पडणार की नाही, हे पुष्कळदा या तुकड्यावर ठरते. म्हणून त्याचा विचार रेषेइतकाच, किंबहुना थोडा अधिक, व्हायला हवा.

आषाढातला एक ताप

अशी कल्पना करा. आषाढ महिना आहे. तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. मालवण तालुक्यातील एका वाडीत लावणी चालू आहे. पोटरीभर चिखलात उभी राहून आठ-आठ तास तरवा लावणाऱ्या एका बाईला ताप आला आहे. आज तिसरा दिवस. डोके दुखते, पोटऱ्या इतक्या ठणकतात की हात लावू देत नाही, डोळे लाल झाले आहेत. घरच्यांनी तिला उपकेंद्रात आणले आहे.

हा ताप कसला? हिवताप असेल, डेंग्यू असेल, साधा पडशाचा ताप असेल किंवा लेप्टोस्पायरोसिस असेल. लेप्टो हे नाव कोकणात आता शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले आहे. उंदीर, गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून माणसाच्या शरीरात शिरतात. वेळेवर ओळखला तर हा रोग डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधांनी बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे, यकृत, फुप्फुसे यांवर घाला पडतो आणि रोगी दगावूही शकतो. हिवतापाचे औषध अगदी निराळे. डेंग्यूवर तर नेमके औषध नाहीच. शरीरातील पाण्याचे प्रमाण सांभाळणे आणि रोग्यावर नजर ठेवणे हाच त्यावरचा उपाय. तेव्हा 'ताप आहे' एवढे कळून भागत नाही. कोणता ताप, हे आजच कळले पाहिजे.

प्रयोगशाळेचा मार्ग तुम्हांला माहीत आहे. शिरेतून पाच मिलिलिटर रक्त घ्यायचे, ते गोठू द्यायचे, सेंट्रिफ्यूज यंत्रात गरागरा फिरवायचे, तळाशी जाणाऱ्या पेशी सोडून वरचा पिवळसर, निवळ द्रव घ्यायचा आणि मग त्यावर चाचणी करायची. हा मार्ग उत्तम आहे, आणि त्याला पर्याय नाही अशीही वेळ येते. पण त्याला यंत्र हवे, वीज हवी, शिकलेला तंत्रज्ञ हवा. पावसाळ्यात झाड पडून रस्ता बंद झाला किंवा वाऱ्याने तारा तुटल्या की वाडीपासून प्रयोगशाळेपर्यंतचे अंतर एकदम वाढते. म्हणूनच पट्टीची चाचणी हवी. परंतु पट्टीजवळ सेंट्रिफ्यूज नाही. ते काम तिच्या तोंडाशी असलेल्या गाळणीला करावे लागते, तेही विजेशिवाय आणि एकाच थेंबावर.

पट्टीच्या आत काय घडते?

डबी उघडली तर आत एकाला एक चिकटवलेले चार-पाच निरनिराळे कागद दिसतात. पहिला नमुना घेणारा, म्हणजेच गाळणीचा. दुसऱ्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण सुकवून ठेवलेले असतात. सोने इतके बारीक केले की ते पिवळे न दिसता द्राक्षासवासारखे लाल दिसते. या कणांना विशिष्ट प्रथिने चिकटवलेली असतात. तिसरा कागद नायट्रोसेल्यूलोजचा. त्यावर दोन अदृश्य रेषा आखलेल्या असतात, एक चाचणीची आणि दुसरी पट्टी नीट चालली की नाही हे सांगणारी. शेवटी पाणी शोषून घेणारा जाड कागद. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच केशाकर्षणाने थेंबातील द्रव या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत जातो. वाटेत सोन्याचे कण त्यात मिसळतात. रोग्याच्या रक्तात अपेक्षित प्रतिपिंडे किंवा प्रतिजन असेल, तर हे कण पहिल्या रेषेवर अडकून साठतात आणि लाल रेघ दिसू लागते. घरच्या घरी गर्भचाचणी करण्यासाठी अशी पट्टी १९८८ साली बाजारात आली, तेव्हापासून तिचा मूळ आराखडा फारसा बदललेला नाही.

तेथे तपासायला मूत्र होते. मूत्रात तांबड्या पेशी नसतात, त्यामुळे गाळण्याचा फारसा प्रश्न आला नाही. रक्ताचे तसे नाही.

तांबड्या पेशींचा उपद्रव

निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात सुमारे पन्नास लाख तांबड्या पेशी असतात. बोटातून निघालेला थेंब चाळीस घन मिलिमीटरचा, म्हणजेच चाळीस मायक्रोलिटरचा धरला, तर त्यात वीस कोटी पेशी झाल्या. या पेशी गाळणीतून निसटून पट्टीवर गेल्या तर दोन गोष्टी होतात. एक तर त्या कागदाची सूक्ष्म छिद्रे बुजवतात आणि द्रव मध्येच थबकतो. दुसरे म्हणजे सगळी पट्टी लालेलाल होते. लाल पार्श्वभूमीवर लाल रेघ कशी शोधायची?

मग तुम्ही म्हणाल, पेशीपेक्षा लहान छिद्रांची गाळणी लावली की झाले. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन व्यासाची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेव्हा पाच मायक्रॉनची छिद्रे ठेवा! पण येथेच गंमत आहे. तांबडी पेशी ही गोटीसारखी टणक नाही. ती मधे दबलेल्या, मऊ चकतीसारखी आहे. आपल्या शरीरातील अत्यंत अरुंद केशवाहिन्यांतून तिला जन्मभर ये-जा करायची असते, म्हणून ती वाकते, दुमडते, लांबट होते आणि पाच मायक्रॉनच्या छिद्रातून आरामात निघून जाते. छिद्र आणखी लहान केले आणि द्रव जोराने ओढला, तर पेशी छिद्राशी चेपून फुटते. फुटली की तिच्यातले हिमोग्लोबिन बाहेर पडते, आणि ते पाण्यात विरघळणारे असल्याने कोणत्याच छिद्राने अडत नाही. शंभरातली एक पेशी फुटली तरी निवळ रक्तद्रव लालसर दिसू लागतो. सोलकढीचे फडके जोरात पिळल्यावर भुगा खाली उतरतो, तसाच हा प्रकार.

यावर संशोधकांनी दोन मुख्य युक्त्या योजल्या आहेत. पहिली, काचेच्या अतिशय बारीक तंतूंची गादी. हिला नेमकी छिद्रे नसतात, तंतूंचे जंगल असते. पेशी त्या जंगलात वाट चुकून अडकतात, आणि द्रव त्यांच्यापेक्षा जलद पुढे निघून जातो. कधी कधी या तंतूंना असा पदार्थ लावतात की पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. मग त्या अडवणे सोपे जाते. दुसरी युक्ती अशा पापुद्र्याची, की ज्याची वरची छिद्रे मोठी आणि खाली जावे तसतशी बारीक होत जातात. पेशी वरच्या थरात एकेक करून ठिकठिकाणी थांबतात आणि तळाच्या बारीक छिद्रांवर गर्दी होत नाही. किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही पाहिली असेल, तर जाळ्याच्या लांब हातांकडचे आस मोठे आणि मधल्या खोळीकडचे बारीक असतात. हेतू निराळा असला तरी सगळीकडे एकाच मापाची वीण ठेवायची नाही, हा शहाणपणा दोन्हीकडे सारखाच आहे.

एकाच थेंबाचे तीन हिशेब

आता थोडे गणित करू. समजा, थेंब चाळीस मायक्रोलिटरचा आहे आणि गाळणीच्या तंतूंत दहा मायक्रोलिटर द्रव ओलाव्याच्या रूपाने अडकून राहतो. सोलकढीचे फडके जसे थोडा रस पिते, तसेच हे.

पहिल्या माणसाच्या रक्तात शेकडा ४५ भाग पेशी आहेत. म्हणजे द्रवाचा भाग ५५ टक्के, बावीस मायक्रोलिटर. त्यातले दहा गाळणीत राहिले, पट्टीला मिळाले बारा.

दुसऱ्याच्या रक्तात पेशींचा भाग ५५ टक्के आहे. द्रव अठरा मायक्रोलिटर. दहा वजा केले, पट्टीला मिळाले आठ.

तिसऱ्याच्या अंगात रक्त कमी आहे. पेशींचा भाग ३० टक्केच. द्रव अठ्ठावीस. दहा वजा जाता पट्टीला मिळाले अठरा.

थेंब तोच, गाळणी तीच, पट्टी तीच. पण पट्टीच्या वाट्याला एकदा आठ, एकदा बारा आणि एकदा अठरा मायक्रोलिटर आले. म्हणजे दुपटीहून अधिक फरक! पट्टीला यातले काहीच ठाऊक नसते. अगदी कमी द्रव आला तर तो शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचतच नाही.

ही माणसे मी उगाच कल्पिलेली नाहीत. आपल्या खेड्यांतील कष्टकरी बायकांत रक्तक्षय किती आढळतो, हे तुम्ही आरोग्याच्या पाठात वाचलेच आहे. नवजात बालकाच्या रक्तात पेशींचे प्रमाण मोठ्या माणसापेक्षा जास्त असते. आणि तीव्र डेंग्यूमध्ये तर रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर पाझरतो, त्यामुळे रक्त दाट होत जाते. ज्या रोग्याचे निदान सर्वांत निकडीचे, नेमका त्याच्याच थेंबातून गाळणीला कमी द्रव मिळतो. यावर उपाय म्हणून पुष्कळ चाचण्यांत थेंबामागोमाग एका बाटलीतील पाण्यासारखे द्रावण घालायला सांगतात. त्याने रक्त पातळ होते आणि द्रव पुढे ढकलला जातो. पण पातळ केल्यावर शोधायची वस्तूही विरळ होते, हे विसरून चालत नाही. एका बाजूने ओढले की दुसऱ्या बाजूने उघडे पडते, असे हे अपुरे पांघरूण आहे.

काय ठेवायचे, काय सोडायचे?

यावरून कोणी असा समज करून घेईल, की एकदा उत्तम गाळणी शोधून काढली की ती सगळ्या चाचण्यांना लावता येईल. तसे होत नाही. सिंधुदुर्गातल्याच चार रोगांची उदाहरणे घ्या.

महाराष्ट्रातील जे जिल्हे हत्तीरोगाचे म्हणून गणले गेले, त्यांत सिंधुदुर्गही आहे. या रोगाच्या कृमीची पिल्ले रक्तात फिरतात. १८७२ साली कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी ती माणसाच्या रक्तात पाहिली. ती रात्रीच रक्ताच्या वरवरच्या प्रवाहात येतात, म्हणून हत्तीरोगाची पथके लोकांच्या बोटातले रक्त रात्री घेत. या पिल्लांची संख्या थोडी असेल तर एका थेंबात ती सापडतीलच असे नाही. तेव्हा एक मिलिलिटर रक्त पातळ करून पिचकारीने पॉलिकार्बोनेटच्या पातळ पापुद्र्यातून ढकलण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून रूढ झाली. हा पापुद्राही मोठा मजेदार असतो. अणुभंजनातून निघालेले कण त्यातून आरपार जाऊ देतात आणि त्यांच्या वाटा अल्कलीने कोरून मोकळ्या करतात. त्यामुळे सगळी छिद्रे एकाच मापाची मिळतात, तीन किंवा पाच मायक्रॉनची. तांबड्या पेशी वाकून त्यांतून निघून जातात, आणि पाव मिलिमीटरहून अधिक लांबीची पिल्ले वर राहतात. येथे पेशी जायला हव्या आहेत! जो गुण लेप्टोच्या पट्टीत उपद्रव ठरला, तोच येथे उपयोगी पडला. पुढे मोठ्या कृमीने रक्तात सोडलेला प्रतिजन ओळखणाऱ्या पट्ट्या आल्या. तो प्रतिजन दिवसाही रक्तात असतो, त्यामुळे रात्री जागण्याची गरज उरली नाही. पण त्या पट्टीत पुन्हा पेशी अडवून द्रव सोडणारी गाळणी लागली.

हिवतापाचे जंतू तांबड्या पेशींच्या आत राहतात. त्यांची प्रथिने शोधायची तर पेशी अडवून उपयोग नाही. त्या मुद्दाम फोडाव्या लागतात. म्हणून हिवतापाच्या पट्टीत पाचच मायक्रोलिटर रक्त घेतात, पेशी फोडणारे द्रावण वर घालतात आणि ते द्रावणच मागे राहिलेला लाल रंग धुऊन पुढे नेते. रक्त जास्त घातले तर रंग धुतला जात नाही. 'जास्त रक्त म्हणजे जास्त चांगली चाचणी' हा समज किती चुकीचा आहे पहा.

लेप्टोचा जंतू मळसूत्रासारखा वळणावळणाचा असतो. लांबी सहा ते वीस मायक्रॉन, पण जाडी एक दशांश मायक्रॉन! इतर बहुतेक जंतूंना अडवणारी ०.२२ मायक्रॉनची गाळणीसुद्धा त्याला अडवू शकत नाही. वळवळत तो पार होतो. प्रयोगशाळेत याच गुणाचा फायदा घेऊन त्याला इतर जंतूंपासून वेगळे करतात.

चौथा रोग माकडतापाचा. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला. गोचिडांमार्फत पसरणारा हा ताप २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात उद्‌भवला, आणि काजूच्या बागांत काम करणाऱ्यांत भीती पसरली. याचा विषाणू मायक्रॉनच्या सुमारे विसाव्या भागाएवढा. त्याला आसाच्या मापाने पकडण्याची आशाच सोडा. येथे निराळीच युक्ती करतात. विषाणू फोडून त्यातले आरएनए मोकळे करतात. विशिष्ट क्षारांच्या द्रावणात हे आरएनए सिलिकासारख्या पृष्ठभागाला चिकटून बसते. बाकीचा गाळ धुऊन टाकायचा आणि मग द्रावण बदलून ते सोडवून घ्यायचे. ही झाली मापाने न अडवता चिकटवून धरणारी गाळणी. आपल्या शेजारच्या गोव्यातील मोलबायो या कंपनीने बॅटरीवर चालणाऱ्या लहान यंत्रात नमुना तयार करण्याचे हे काम बंद डबीत होईल अशी सोय केली. क्षयरोगासाठी या ट्रूनॅट चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मान्यता दिली, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या साहाय्याने माकडतापासाठीही तशी चाचणी तयार झाली. पूर्वी नमुना पुण्याला पाठवून वाट पाहावी लागे; आता चाचणी रोग्याच्या जवळ नेता येऊ लागली. हे शक्य झाले त्यात नमुना तयार करणाऱ्या डबीचा वाटा मोठा आहे.

माझे म्हणणे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोणत्याही नव्या चाचणीची बातमी आली, की ती शंभरात किती रोगी अचूक ओळखते, याचा आकडा आपण विचारतो. तो विचारलाच पाहिजे. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा, असे माझे मत आहे. हा आकडा कोणत्या नमुन्यावर काढला? सेंट्रिफ्यूज करून, शीतपेटीत ठेवलेल्या निवळ रक्तद्रवावर, की बोटातून नुकत्याच निघालेल्या थेंबावर? वातानुकूलित खोलीत, की जुलै महिन्यात भिंतींना ओल आलेल्या उपकेंद्रात? निवळ रक्तद्रव वापरला तर गाळणीची परीक्षा झालीच नाही. पोहण्याची परीक्षा काठावर बसून घेतल्यासारखेच ते झाले.

कोकणातील दमट हवेचा विचार तर अवश्य हवा. पट्टीच्या पाकिटात ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी असते ती शोभेसाठी नाही. पाकीट फोडून पट्टी तासभर बाहेर राहिली, तर तिचे कागद हवेतली ओल पितात आणि द्रव सरकण्याचा वेग बदलतो. चाचणी करणाऱ्या आरोग्यसेविकेला हे ठाऊक असते. भिजून सुरकुतलेल्या बोटातून पुरेसा थेंब निघत नाही, हेही तिला ठाऊक असते. थेंब लहान पडला, पट्टी वाया गेली आणि रोग्याला पुन्हा टोचावे लागले, की रोग्याचा चाचणीवरचा विश्वास उडतो. मला वाटते, गाळणीचा आराखडा करणाऱ्यांनी सर्वांत आधी तिच्याशी बोलावे. थेंब किती लहान असू शकतो, तो टाकायला किती वेळ लागतो, एका वेळी किती रोगी रांगेत असतात, ही माहिती प्रयोगशाळेत मिळत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला पैशाचा. चांगली गाळणी लावली की पट्टी महाग होते, आणि हजारोंनी विकत घ्यायच्या वस्तूत दोन-चार रुपयांचाही फरक मोठा असतो. हा आक्षेप खोटा नाही. पण वाया गेलेली पट्टी, दुसऱ्यांदा घेतलेला नमुना आणि चुकलेल्या निदानाची किंमत त्या हिशेबात कोठे धरली जाते? लावणीच्या दिवसांत एका बाईचा आठवडा गेला, तर त्या घराचे वर्षाचे भात उणे होते. स्वस्त पट्टी खरोखर स्वस्त आहे का, हे तिला विचारावे.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. गाळणी कितीही सुधारली, तरी लेप्टोची प्रतिपिंडे रक्तात दिसू लागायला साधारण पाच ते सात दिवस जातात. तिसऱ्या दिवशी रेषा उमटली नाही, म्हणजे रोग नाही असे होत नाही. हे अगदी खरे आहे. गाळणी नसलेली वस्तू निर्माण करू शकत नाही. म्हणूनच डॉक्टर केवळ रेषेवर विसंबत नाहीत; पोटऱ्यांचे दुखणे, लाल डोळे, शेतातले काम, सगळे विचारात घेऊन उपचार सुरू करतात आणि नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडेही पाठवतात. पण यातून निघणारा अर्थ उलटा आहे. आधीच मर्यादा असलेल्या चाचणीत गाळणीच्या दोषाची आणखी भर कशाला? जी मर्यादा निसर्गाने घातली ती मान्य करावी. जी आपल्या निष्काळजीपणाने आली ती काढून टाकावी.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. 'मिश्रणातील घटक वेगळे करणे' हा धडा आपण लहान वर्गात शिकवतो. वाळू आणि मीठ, निवळणे, गाळणे, ऊर्ध्वपातन. त्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो आणि मुले तो धडा पुढच्या वर्गात विसरून जातात. जणू गाळणे ही सोपी आणि संपलेली गोष्ट आहे. मोठ्या वर्गात रक्त, केशाकर्षण, पृष्ठताण, प्रथिने शिकवताना त्या धड्याकडे पुन्हा एकदा यावे. गाळणीच्या एका प्रश्नात भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही विषय एकत्र येतात, हे मुलांना दिसू द्यावे.

करून पहा

पुढील प्रयोगांना रक्त लागत नाही, आणि रक्ताशी खेळायचेही नाही. सुई टोचून घेणे, वापरलेल्या पट्ट्या हाताळणे हे धोक्याचे आहे.

पहिला प्रयोग. एका ड्रॉपरने नारळाच्या रसाचे चाळीस थेंब मलमलच्या दोन पदरी फडक्यावर टाका आणि खाली किती थेंब आले ते मोजा. मग चार पदर, आठ पदर करून हेच करा. प्रत्येक वेळी फडके कोरडे आणि सारख्याच आकाराचे घ्या. पदर किती आणि थेंब किती आले याचा आलेख काढा. त्यानंतर रस निम्म्याने दाट करून सर्व पुन्हा करा. फडके किती रस पिते? रस दाट झाल्यावर काय बदलले?

दुसरा प्रयोग पावसाळ्यात करायचा. गाळणकागदाच्या एक सेंटिमीटर रुंदीच्या दहा पट्ट्या कापा. पाच पट्ट्या भाजून थंड केलेल्या तांदळासोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पाच खिडकीशी उघड्यावर टांगा. चार दिवसांनी प्रत्येक पट्टीचे टोक शाईच्या पाण्यात बुडवून दोन मिनिटांत शाई किती उंच चढते ते मोजा. दोन्ही गटांची सरासरी काढा. एकाच गटातील पट्ट्यांतसुद्धा फरक दिसेल. तो का, याचाही विचार करा. चाचणीच्या पट्ट्या करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो.

आकडे वहीत तारखेसह लिहा, आणि चुकलेला प्रयोग खोडून टाकू नका. तुमच्या गावाजवळ उपकेंद्र असेल, तर शिक्षकांबरोबर जाऊन आरोग्यसेविकेला एवढेच विचारा, की पट्टीची चाचणी बिघडते ती बहुधा कोणत्या पायरीला. तिचे उत्तर प्रयोगाच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा. तुमच्यापैकी कोणी पुढे रसायनशास्त्र शिकेल, कोणी वस्त्रतंत्र, कोणी वैद्यक. गाळणीला या सगळ्यांची गरज आहे. आषाढात चिखलात उभ्या असलेल्या त्या बाईचा ताप ओळखणारी पट्टी उद्या तुमच्यापैकी कोणी केली, तर तिची रेषा ठळक उमटेलच. पण पहिला तुकडा नीट जमला आहे ना, हे आधी तपासा.